जस्ताचे आणि शिशाचे मिश्रधातू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जस्त आणि शिसे एकाच खाणीतून निघतात. मग दोघांचा मिळून मिश्रधातू का करत नाहीत?

कारण ते एकमेकांत मिसळतच नाहीत. राजस्थानात जावर, रामपुरा आगुचा, राजपुरा दरिबा इथे दोघांची खनिजे एकाच खडकात असतात, पण वितळल्यावर त्यांची फारकत होते. ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात शिसे जेमतेम १ टक्क्याच्या आसपास विरघळते. बाकीचे तळाशी जाऊन बसते, कारण शिशाची घनता ११.३४ आणि जस्ताची ७.१४ आहे. दोघे पूर्ण एकजीव व्हायला सुमारे ८०० अंश तापमान लागते आणि थंड होताना ते पुन्हा वेगळे होतात.

या न मिसळण्याचा उपयोगही केला जातो. शिशातली चांदी काढण्यासाठी वितळलेल्या शिशात जस्त घालतात. चांदी शिशापेक्षा जस्ताकडे ओढली जाते आणि जस्तासोबत वर तरंगते. तो थर काढून जस्त वाफेने उडवले की चांदी हाती येते. पार्क्स पद्धत म्हणतात ती हीच.

जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याचे खनिज कोळशाने क्षपण करायला त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणून ते भट्टीत वाफ होऊनच बाहेर येते आणि हवा लागताच जळून पांढरी भुकटी होते. जावरच्या जुन्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मुशी नळी खाली करून भट्टीत लावल्या आणि वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवली. त्या मुशींचे ढीग आजही तिथे पाहायला मिळतात.

झमाक म्हणजे काय? झमाक ३ घ्यावा की झमाक ५?

झमाक म्हणजे पोलादी साच्यात दाबाने ओतायचे (डाय कास्टिंगचे) जस्ताचे मिश्रधातू. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ च्या सुमारास हे मिश्रधातू बाजारात आणले. दोन्हींत ॲल्युमिनियम सुमारे ४ टक्के असते. मॅग्नेशियम टक्क्याच्या काही शतांशांइतके, साधारण ०.०३ ते ०.०६. खरा फरक तांब्याचा. ३ मध्ये ते जवळजवळ नसते, ५ मध्ये सुमारे १ टक्का असते. त्यामुळे ताणशक्ती साधारण २८० मेगापास्कलवरून ३३० पर्यंत जाते, कठीणपणाही वाढतो, पण वर्षानुवर्षे वापरात असताना मापे किंचित जास्त बदलतात आणि भाग वाकवायला कमी तयार होतो.

नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी, खेळण्यातल्या गाड्या, चेनच्या सरक्या यांना ३ पुरतो. कुलपाचे भाग, छोटे दातेरी चाक, जिथे घासणे आणि भार आहे तिथे ५ घ्या. शंका असेल तर ३ वर राहा. तो ओतायला आणि मुलामा द्यायला जास्त सोपा आहे.

ॲल्युमिनियम ४ टक्केच का? जरा कमीजास्त झाले तर?

साडेतीनच्या खाली गेले की धातूचा प्रवाहीपणा घटतो आणि तो लोखंडी पॉट (धातू वितळवायचे भांडे), गूजनेक (पॉटमधून धातू साच्याकडे नेणारी वाकडी नळी) आणि डाय (पोलादी साचा) यांना खाऊ लागतो. डायला चिकटण्याचा त्रास वाढतो. वर ५ टक्क्यांकडे सरकले की मिश्रण इतके ठिसूळ होते की हातोडीच्या एका ठोक्यात भाग फुटतो. म्हणून ४.३ ची वरची मर्यादा पाळायची. पॉटमध्ये धातू दिवसभर जास्त तापवून ठेवला की मॅग्नेशियम जळून कमी होते, याकडे मात्र बऱ्याच ठिकाणी कुणाचे लक्ष नसते.

जस्ताच्या भागाला काही महिन्यांनी तडे गेले, फुगला आणि भुगा होऊ लागला. असे का झाले?

बहुतेक वेळा शिसे, कॅडमियम किंवा कथील आत गेलेले असते. ॲल्युमिनियम असलेल्या जस्तात या तिघांच्या मर्यादा फार कडक आहेत. तयार भागात शिसे ०.००५ टक्क्यांहून, कॅडमियम ०.००४ हून आणि कथील ०.००३ हून जास्त नको.

हे आकडे कागदावर छोटे वाटतात, म्हणून वजनात पाहू. ०.००५ टक्के म्हणजे एका टनात ५० ग्रॅम. तुमचा पॉट २०० किलोचा असेल तर १० ग्रॅम शिशाने मर्यादा गाठली. मासेमारीच्या जाळ्याचे एक शिसे किंवा भंगारासोबत आलेला सोल्डरचा एक गोळा तेवढा असतो.

शिसे घट्ट जस्तात विरघळत नाही, म्हणून थिजताना ते कणांच्या सीमांवर जाऊन बसते. तिथे ओलावा पोचला की सीमांवरून गंज आत शिरतो. गंजाचे आकारमान धातूपेक्षा मोठे, त्यामुळे भाग फुगतो, वाकतो आणि शेवटी बोटांनी चुरडतो. उष्ण, दमट हवेत हे फार वेगाने होते. कोरड्या गोदामात वर्षभर चांगला राहिलेला माल कोकणातल्या एका पावसाळ्यात खराब होऊ शकतो. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या जुन्या खेळण्यांच्या रेल्वेगाड्या याच रोगाने गेल्या. मॅग्नेशियम घालतात ते या रोगाला थोडा आवर घालण्यासाठी, पण अशुद्धी मर्यादेबाहेर गेली तर मॅग्नेशियम काही वाचवू शकत नाही.

यावर उपचार नाही. एकदा शिसे गेलेला पॉट पातळ करत बसू नका, तो धातू वेगळ्या कामाला विका. काळजी आधीच घ्यायची:

- ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून बनलेल्या लगडीच घ्या आणि प्रत्येक हप्त्यासोबत विश्लेषणाचा दाखला मागा.
- शिशाचे, सोल्डरचे, पितळेचे काम जस्ताच्या शेडमध्ये करू नका. झारे, डाव, साय (वितळलेल्या धातूवर जमणारा मळ) काढायची भांडी वेगळी ठेवा, त्यांना रंग लावा.
- बाहेरचे भंगार पॉटमध्ये कधीच टाकू नका, ते कितीही स्वच्छ दिसो.
- संशय आला तर नमुना ९५ अंशांच्या वाफेत १० दिवस ठेवा. रोग असेल तर तेवढ्यात दिसतो.

हॉट चेंबर मशीनवर पॉटचे तापमान किती ठेवावे?

हॉट चेंबर मशीनमध्ये धातू दाबणारा पंप पॉटमधल्या वितळलेल्या धातूतच बुडालेला असतो. झमाक ३ साधारण ३८१ ते ३८७ अंशांमध्ये वितळतो. पॉट ४१५ ते ४३० च्या दरम्यान ठेवा आणि डाय १५० ते २३० च्या दरम्यान. ४५० च्या पुढे गेलात की पॉटचे लोखंड धातूत विरघळू लागते. ते ॲल्युमिनियमशी जोडून कठीण कण बनवते, हे कण हलके असल्याने वर तरंगतात आणि सायीसोबत तुमचे ॲल्युमिनियमही निघून जाते. काही कण भागात अडकतात आणि पॉलिश करताना शेपटी असलेल्या ओरखड्यासारखे दिसतात. पॉलिशवाल्याला दोष देण्याआधी पॉटचा तापमापक तपासा.

पृष्ठभागावर सुरकुत्या किंवा न जुळलेल्या रेषा दिसत असतील तर पहिला हात पॉटच्या तापमानाकडे जातो. तसे करू नका. आधी डाय थंड आहे का, फवारा जास्त मारला जातोय का, गेट (धातू भागात शिरायचे तोंड) अरुंद आहे का हे बघा. जस्ताचे पातळ भाग भरायला १० ते २० मिलिसेकंद मिळतात, त्यामुळे थंड डायवर धातू भरण्याआधीच थिजतो.

थिजताना भाग सुमारे ०.६ टक्के आकसतो. पुढे वर्षांत अगदी थोडे आणखी आकसणे होते. मापे फार काटेकोर असतील तर भाग १०० अंशांवर ३ ते ६ तास ठेवून मगच अंतिम यंत्रकाम करा.

रनर आणि स्प्रू परत वितळवता येतात का?

रनर आणि स्प्रू म्हणजे भागापर्यंत धातू नेणाऱ्या वाटांत थिजलेला धातू. ते परत वितळवता येतात, आणि वितळवलेच पाहिजेत. पण एका भरणीत निम्म्याहून जास्त परतीचा माल नको. मुलामा दिलेले बाद भाग यात धरू नका. त्यांवरचे निकेल आणि तांबे धातूत जाते, ते वेगळे काढून विका. ओला किंवा तेलकट माल तर पॉटजवळही आणू नका. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६०० पट वाढते आणि वितळलेला धातू उसळतो. पावसाळ्यात लगडी पॉटच्या कडेला ठेवून तापवल्याशिवाय आत सोडू नका, वरून कोरड्या दिसत असल्या तरीही.

क्रोमचा मुलामा दिलेल्या मुठीवर फोड आले. दोष मुलाम्याचा की ओतकामाचा?

फोड कानशीने उघडून बघा. खाली धातूत पोकळी दिसली तर ओतकाम. त्वचेखाली अडकलेला वायू किंवा द्रव भट्टीत तापल्यावर फुगला. खाली सपाट पण काळसर जस्त दिसले तर मुलामा. जस्ताला आम्ल लगेच खाते, म्हणून त्यावर आम्लाच्या टाकीत थेट निकेल चढवता येत नाही. आधी क्षारीय तांब्याचा पातळ, सलग थर द्यावा लागतो. तो थर अपुरा राहिला की पुढची आम्लाची टाकी खालून जस्त खाते. तांब्याची जाडी वाचवणे हा सर्वांत महागात पडणारा खर्चकपात.

जास्त पॉलिशही वाईट. ओतलेल्या भागाची वरची कातडी घट्ट असते, तिच्याखाली बारीक छिद्रे. कातडी घासून काढली की छिद्रे उघडी पडतात.

जस्ताचा भाग कुठे वापरू नये?

सतत भार आणि उष्णता एकत्र असतील तिथे. सुमारे १०० अंशांच्या वर तो भाराखाली हळूहळू ताणला जातो. ताणून बसवलेला स्क्रू सैल पडतो, तो याच कारणाने. शून्याखालच्या थंडीत आघात सोसण्याची ताकदही झपाट्याने घटते, हे लडाख किंवा परदेशी थंड हवेत जाणाऱ्या मालासाठी लक्षात ठेवा.

जस्तात २७ टक्के ॲल्युमिनियम असलेला मिश्रधातू जास्त चांगला नाही का?

ताकदीला हो, आणि मंद फिरणाऱ्या, जड भाराच्या बुशसाठी तो पितळी बुशला पर्याय म्हणून चांगला चालतो. पण तो ४८० अंशांच्या पुढे पूर्ण वितळतो आणि लोखंडाला खातो, म्हणून हॉट चेंबर मशीनवर ओतता येत नाही. त्याला कोल्ड चेंबर मशीन (ज्यात धातू वेगळ्या भट्टीतून आणून ओततात) किंवा वाळूचा साचा लागतो.

लोखंडावर जस्त चढवताना थर काही ठिकाणी जाड, करडा आणि ठिसूळ का येतो?

पोलादातल्या सिलिकॉनमुळे. ०.०४ ते ०.१२ टक्के सिलिकॉनचे पोलाद गरम जस्तात बुडवले की लोखंड आणि जस्त यांची अभिक्रिया बेफाम वाढते. याला सँडेलिन परिणाम म्हणतात. टाकीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, पोलाद घेतानाच सिलिकॉन विचारा.

बाकी क्रम ठरलेला आहे. तेल काढणे, १० ते १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात गंज काढणे, पाण्याने धुणे, ६० ते ७० अंशांच्या झिंक अमोनियम क्लोराइडच्या फ्लक्समध्ये (जस्त लोखंडाला नीट धरावे म्हणून लावायच्या द्रावणात) बुडवणे, पूर्ण सुकवणे आणि मग ४५० अंशांच्या आसपासच्या टाकीत. चमकदार थरात उघडे राहिलेले काळे ठिपके दिसले तर नव्वद टक्के वेळा धुण्यात किंवा फ्लक्समध्ये कसूर असते. बंद नळीला दोन्ही टोकांना भोके नसतील तर ती टाकीत स्फोटासारखी फुटते. भोके पाडल्याचे स्वतः पाहिल्याशिवाय नळी सोडू नका.

गंमत अशी की डाय कास्टिंगमध्ये जहर असलेले शिसे या टाकीत चालते. तळाशी शिशाचा थर ठेवण्याची जुनी पद्धत आहे. त्यावर लोखंड आणि जस्ताची जड मळी बसते आणि झाऱ्याने सहज निघते.

कोकणात जस्ती पत्रा आणि पाइप किती वर्षे टिकतो?

थराच्या जाडीवर. १ मायक्रॉन म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ७ ग्रॅम जस्त. जाड पोलादी सांगाड्यावर ६१० ग्रॅम मागितले जाते, म्हणजे जवळपास ८५ मायक्रॉन. मध्यम खारट किनाऱ्यावर वर्षाला २ ते ४ मायक्रॉन जस्त झिजते, तर समुद्राच्या अगदी तोंडावर ८ पर्यंत. भागाकार तुम्हीच करा. बाजारातल्या स्वस्त पत्र्यावर हा थर १० ते २० मायक्रॉनचा असतो, म्हणून त्याला मालवणात दोनचार वर्षांत गंज येतो आणि यात पत्रेवाल्याने काही फसवले असे नसते.

नव्या पत्र्यांच्या थप्पीवर येणारी पांढरी भुकटी वेगळी. पाणी थरांमध्ये अडकले आणि हवा लागली नाही की ती येते. थप्पी तिरकी ठेवा, मध्ये पट्ट्या घाला, ताडपत्रीने गुंडाळून घाम धरू देऊ नका.

बोटीला लावायच्या जस्ताच्या वड्या भंगारातून ओतल्या तर?

ओतू नका. पंखा आणि सुकाणू यांच्याऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेल्या या वड्यांमध्ये थोडे ॲल्युमिनियम आणि कॅडमियम मुद्दाम घातलेले असते आणि लोखंड ०.००५ टक्क्यांच्या आत राखावे लागते. लोखंड वाढले की वडीवर न सुटणारी कातडी धरते आणि ती झिजायची थांबते. मग झिजतो तो पंखा आणि सुकाणू. वडीला रंग लावू नका, आणि निम्मी झिजली की बदला.

बॅटरीच्या शिशात अँटिमनी की कॅल्शियम?

शुद्ध शिसे इतके मऊ असते की बॅटरीच्या पट्टीची जाळी स्वतःच्या वजनाने वाकते. अँटिमनीने ती कडक होते आणि साच्यात चांगली भरते. पण अँटिमनी हळूहळू ऋण पट्टीवर जाते, चार्जिंगला हायड्रोजन जास्त सुटतो आणि पाणी घालत बसावे लागते. म्हणून ५ ते ६ टक्क्यांवरून आता २ टक्क्यांच्या आसपास आणतात आणि कण बारीक राखायला थोडे सेलेनियम घालतात. पाणी न घालायच्या बॅटऱ्यांत कॅल्शियम ०.०५ ते ०.१ टक्के असते, सोबत थोडे कथील. कॅल्शियम हवेत जळून जाऊ नये म्हणून किंचित ॲल्युमिनियमही.

या दोन्ही प्रकारांचे भंगार एकत्र वितळवले की कॅल्शियम आणि अँटिमनी एकमेकांना पकडून मळी बनतात, दोन्ही वाया जातात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ती मळी ओली झाली तर आर्सिन आणि स्टिबिन हे विषारी वायू सुटतात. मळी कोरड्या, झाकणबंद डब्यात ठेवा आणि तिच्यावर पाणी पडेल असे छप्पर कधीही चालवून घेऊ नका.

छपाईचे खिळे कशाचे असत?

हे खिळे म्हणजे छपाईसाठी ओतलेले अक्षरांचे ठसे. ते शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे असत. लायनोटाइपसाठी (अख्खी ओळ एकदम ओतणारे यंत्र) सुमारे ८४, १२ आणि ४ टक्के. हाताने जुळवायच्या खिळ्यांत अँटिमनी आणि कथील बरेच जास्त, म्हणजे ते दाबाला टिकत. थिजताना हा धातू प्रसरण पावतो असे सांगितले जाते, पण खरे तर तो आकसतो, फक्त फार थोडा. तेवढ्याने अक्षराच्या कडा आणि वेलांट्या साच्यात नीट उमटत. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे खिळे याच धातूत ओतले. जुन्या छापखान्याचे खिळे तुमच्याकडे आले तर वितळवू नका. धातूच्या दरात त्यांचे मोल होत नाही.

सोल्डर ६०/४० घ्यावे की ६३/३७?

६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे हे मिश्रण १८३ अंशांना एकदम थिजते. ६०/४० मध्ये थिजताना काही अंशांचा लगद्यासारखा टप्पा असतो, त्यात सांधा हलला की तो निस्तेज आणि कच्चा राहतो. बारीक इलेक्ट्रॉनिक कामाला ६३/३७, इतर कामाला ६०/४० पुरते. पिण्याच्या पाण्याच्या नळाला, भांड्याला शिशाचे सोल्डर अजिबात नको.

एक्स-रे खोलीतला शिशाचा पत्रा भिंतीवरून खाली का ओघळतो?

खोलीचे तापमान शिशासाठी वितळण्याच्या निम्म्या निरपेक्ष तापमानाइतके असते, म्हणून ते स्वतःच्या वजनाने वर्षानुवर्षे सरकत राहते. पत्रा वरच्या खिळ्यांवर टांगू नका. प्लायवूडवर पूर्ण चिकटवून घ्या, सांधे एकावर एक चढवा, खिळ्यांच्या डोक्यांवर शिशाच्या टिकल्या लावा. वरच्या कडेला नंतर पडलेली बारीक फट कुणाला दिसत नाही, किरणे मात्र तिथूनच येतात.

भंगारात हे झमाक आहे, ॲल्युमिनियम आहे की शिसे, हे कसे ओळखायचे?

नखाने ओरखडा उठला, कागदावर करडी रेघ आली आणि आपटल्यावर बद्द आवाज आला तर शिसे. उरलेल्या दोघांसाठी तराजू पुरे. भाग हवेत आणि दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. हवेतले वजन ३३० ग्रॅम, पाण्यातले २८० असेल तर घट ५०. ३३० ला ५० ने भागले की ६.६, हे झमाक. २.७ आले तर ॲल्युमिनियम. पोकळ भागात बुडबुडे राहू देऊ नका, आकडा चुकतो.

गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावलेल्या वजनांत शिसे, जस्त आणि लोखंड तिन्ही येतात. ती वितळवताना तापमान ३६० ते ३७० अंशांवर धरा. शिसे वितळते, जस्त न वितळता वर तरंगते, ते झाऱ्याने उचला. ४२० च्या वर गेलात की जस्त शिशात शिरते, वर घट्ट साय धरते आणि साचे नीट भरत नाहीत.

जस्ताच्या धुराने ताप येतो का? शिशावर गूळ किंवा दूध घेतले तर चालते का?

जस्ती लोखंडावर वेल्डिंग केल्याने किंवा जस्त जास्त तापवल्याने पांढरा धूर होतो. तो फुप्फुसात गेला की काही तासांनी थंडी, ताप, अंगदुखी होते आणि साधारण एकदोन दिवसांत उतरते. त्यावर उपाय एकच, मुलामा घासून काढा आणि वारा खेळता ठेवा.

शिशाचे तसे नाही. ते शरीरात साठते, हाडांत वर्षानुवर्षे राहते. गुळाने ते धुतले जात नाही, दुधानेही नाही. गूळ हातात घेऊन खाताना उलट हाताची धूळ पोटात जाते. शिशाचा पॉट ५०० अंशांच्या खालीच ठेवा, कारण त्यापुढे धूर झपाट्याने वाढतो. धूर ओढून घेणारा हूड हवा, साधा पंखा धूळ सगळीकडे पसरवतो. कोरडा झाडू बंद, जमीन ओल्या पोछ्याने पुसा, अर्थात वितळलेल्या धातूपासून दूर. खाणे, चहा, तंबाखू शेडच्या बाहेर आणि हात साबणाने धुतल्यावरच. कपडे आणि चपला कामावरच बदला. घरातल्या लहान मुलांपर्यंत शिसे बहुतेक वेळा बापाच्या शर्टावरून पोचते, आणि मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. ज्यांचा हात रोज शिशाला लागतो त्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी. लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये.

जुनी बॅटरी घरी फोडून शिसे काढता येईल का?

नाही. आम्ल, शिशाची भुकटी आणि विषारी मळी अंगणात उरते, आणि ती माती पुढे साफ करता येत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यायची असते. नवी घेताना जुनी जमा केली की दरात वजावट मिळते, ती मागून घ्या.